मुलगा पावणेतीन वर्षांचा होत आला, बोलत नाही आणि घरात तीन भाषा आहेत: ऑटिझम की भाषांचा गोंधळ?

प्रश्न: पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. खाली आमचे यंत्रमाग आहेत आणि वर घर आहे. घरात सासू-सासरे व आम्ही दोघे तेलुगूत बोलतो, कामगारांशी आणि शेजारीपाजारी मराठी चालते, आणि मुलाला सांभाळायला येणाऱ्या मावशी त्याच्याशी कानडीत बोलतात. मुलगा आता दोन वर्षे आठ महिन्यांचा आहे. चालणे, धावणे, जिना चढणे सगळे वेळेवर झाले. दीड वर्षाचा असताना ‘अम्मा’, ‘पालु’ (दूध), ‘नको’ असे काही शब्द तो बोलत असे. ते पुढे हळूहळू बंद झाले.

हाक मारली तर बहुतेक वेळा वळून पाहत नाही, पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज दुसऱ्या खोलीतून ऐकून धावत येतो. पाणी हवे असेल तर बोट दाखवत नाही. माझे मनगट धरून मला माठापाशी नेतो आणि माझा हात तांब्यावर ठेवतो. मागावरच्या रिकाम्या कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) एका रांगेत लावत बसतो आणि त्यातली एक जरी हलवली तर आकांत करतो. मागांच्या खडखडाटात निवांत झोपतो, मात्र मिक्सर सुरू झाला की कान दाबून किंचाळतो.

बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझमची (स्वमग्नतेची) लक्षणे दिसतात असे सांगून श्रवणतपासणी आणि विकासाचे सविस्तर मूल्यमापन करून घ्यायला सांगितले आहे. घरात मात्र एकमत नाही. सासरे म्हणतात की मुलाचे वडीलही चौथ्या वर्षी बोलले, त्यामुळे थांबावे. सासूबाईंच्या मते तीन भाषांमुळे त्याचा गोंधळ झाला आणि मी कामात असताना त्याच्या हातात मोबाइल दिला म्हणून तो असा झाला. एका नातेवाइकाला गोवरच्या लसीचा संशय आहे. दुसऱ्या एकाने मोठ्या शहरात स्टेम सेलचे (मूलपेशींचे) उपचार करून मूल बरे होते असे सांगितले असून त्याचा खर्च काही लाखांत आहे. आम्ही कोणती भाषा बंद करावी, हा ऑटिझमच आहे की मतिमंदत्व किंवा आणखी काही, आणि हे पूर्ण बरे होते का, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर: वाचा_उपचार

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि माझे लहानपण सोलापुरातच गेले, त्यामुळे तीन भाषांचे घर मला नवे नाही. कोणतीही भाषा बंद करू नका. अनेक भाषा कानावर पडल्यामुळे ऑटिझम होत नाही, आणि ज्याला ऑटिझम आहे त्याचे बोलणे त्यामुळे आणखी लांबते असेही आढळलेले नाही. कॅनडा व अमेरिकेत दुभाषिक घरांतल्या आणि एकभाषिक घरांतल्या ऑटिस्टिक मुलांची तुलना झाली, तेव्हा भाषाविकासात दुभाषिक मुले मागे पडलेली दिसली नाहीत. तरीही ‘घरात एकच भाषा ठेवा’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. त्याचे नुकसान मी पाहते. आजीला फक्त तेलुगू नीट येते आणि तिला मोडकेतोडके मराठी बोलायला सांगितले, तर ती बोलणेच कमी करते. मुलाच्या वाट्याचा एक माणूस असा गप्प होतो. प्रत्येकाने आपल्याला सहज येणाऱ्या भाषेत, छोट्या वाक्यांत आणि मुलाच्या समोर बसून बोलावे. त्याचे शब्द मोजायची वेळ येईल तेव्हा तिन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजावेत.

माझे लक्ष शब्दांपेक्षा त्याच्या बोट न दाखवण्याकडे अधिक गेले. सर्वसाधारण मूल वर्षाच्या आसपास बोट दाखवू लागते आणि त्याचे दोन हेतू असतात: एक ‘ते मला हवे आहे’ हे सांगण्याचा आणि दुसरा ‘ते बघ’ एवढेच म्हणण्याचा. आकाशात विमान दिसले की मूल विमानाकडे बोट दाखवते आणि आई बघते आहे ना, हे वळून पाहते. ऑटिझममध्ये लवकर मागे पडते ते हेच, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे दुसऱ्याबरोबर मिळून पाहणे. केवळ उशिरा बोलणारे मूल शब्द नसले तरी खुणा करते, नक्कल करते, नजरेने विचारते आणि हाकेला वळते. आपला मुलगा आपला हात धरून तांब्यावर ठेवतो, म्हणजे मागण्याची गरज त्याला कळली आहे, पण ती माणसाशी बोलून पुरी होते हे अजून त्याच्या हाती लागलेले नाही. उपचाराची सुरुवात इथूनच होते.

पुड्याचा आवाज ऐकतो म्हणून श्रवणतपासणी टाळू नका. काही पट्ट्यांतला आवाज ऐकू येतो आणि काही पट्ट्यांतला येत नाही, असेही बहिरेपण असते. ओएई आणि बेरा या श्रवणाच्या तपासण्यांत मुलाला उत्तर द्यावे लागत नाही. बेरा तर झोपेत करतात.

उत्तर: दाजी_बुधवारपेठ

सगळेच आजार म्हणून पाहू नये, असे मला वाटते. आमच्या घराण्यात मुलगे उशिराच बोलतात. पूर्वी कोणी डॉक्टरकडे धावत नव्हते आणि मुले मोठी झालीच. अजून वर्षभर वाट पाहिली तर काय बिघडेल? एकदा नावाला चिकटलेली चिठ्ठी पुढे शाळेत आणि लग्नातही आडवी येते, याचाही विचार व्हावा.

उत्तर: बालआरोग्य

दाजी, चिठ्ठीची भीती मी समजू शकतो, परंतु इथे केवळ उशिरा बोलण्याचा प्रश्न नाही. आलेले शब्द गेले आहेत, आणि कोणत्याही वयात आलेले कौशल्य गेले तर तपासणी लांबवू नये असा आम्हा बालरोगतज्ज्ञांचा नियम आहे. ऑटिस्टिक मुलांच्या एका गटात साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान असे शब्द मावळतात. उपचार सुरू करायला निदानाचा शिक्का लागतही नाही. भाषा व संवाद मागे आहेत एवढे दिसले तरी थेरपी सुरू करता येते, आणि पुढे निदान बदलले तरी त्या कामाने तोटा होत नाही. वर्षभर थांबण्याचा तोटा मात्र होतो.

आता आईंच्या प्रश्नांकडे येतो. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून ऑटिझम वैद्यकात आणला आणि पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी मिळतीजुळती मुले नोंदवली. पुढे अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम, पीडीडी (व्यापक विकासात्मक विकार) वगैरे वेगवेगळी नावे रूढ झाली. २०१३ च्या डीएसएम-५ या निदान-नियमावलीत ती एकत्र करून ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसॉर्डर’ हे एकच निदान ठेवले गेले. त्यासाठी दोन्ही बाजू दिसाव्या लागतात. सामाजिक संवादातल्या अडचणी ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला तोचतोपणा, ठरावीक आवडी, बदल न सोसणे आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद, यांपैकी किमान दोन गोष्टी हव्यात. कांड्यांची रांग आणि मिक्सरचा आवाज यांचा उल्लेख आपण केला नसता, तर माझ्या मनात भाषाविकारांची शक्यता अधिक राहिली असती. मागांचा खडखडाट एकसुरी आणि रोजचा असतो, मिक्सर अचानक सुरू होतो. त्यामुळे एक सोसतो आणि दुसरा नाही, यात विसंगती नाही.

शेजारचे विकार वेगळे ओळखावे लागतात, आणि ते ऑटिझमसोबतही असू शकतात. मतिमंदत्व, ज्याला आता बौद्धिक अक्षमता म्हणतात, त्यात सगळीच कौशल्ये एकसारखी मागे असतात. ऑटिस्टिक मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये तीही आढळते, म्हणजे बहुसंख्यांत नसते. मूल बोलत नाही म्हणून त्याला समजत नाही असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे, आणि बोलत नसलेल्या पावणेतीन वर्षांच्या मुलाची बुद्धी आज आकड्यात सांगण्याचा आग्रह कोणी धरू नये. एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) आणि ऑटिझम एकाच मुलात लिहिण्यास २०१३ पूर्वीची नियमावली मनाई करत होती, आता ती मनाई नाही. रेट सिंड्रोम हा जनुकीय विकार जवळजवळ नेहमी मुलींमध्ये दिसतो आणि त्यात हातांची कामे विसरली जातात. इथे ती शक्यता नाही. फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकाराची जनुकीय तपासणी करावी का, हे आपले डॉक्टर ठरवतील. झटके येत असतील, मूल मध्येच काही क्षण शून्यात पाहत असेल, तर तेही सांगावे, कारण ऑटिझमसोबत अपस्मार असण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असते आणि अशा वेळी ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, करावा लागतो.

रक्ताची किंवा एमआरआयची कोणतीही तपासणी ऑटिझमचे निदान करत नाही. मुलाचे निरीक्षण आणि पालकांशी सविस्तर बोलणे हाच मार्ग आहे. आपल्याकडे तीन वर्षांपुढील मुलांसाठी ‘आयसा’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. तिच्यात ७० पेक्षा कमी गुण म्हणजे ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, असे धरतात. मोबाइलवर प्रश्नावली भरून घरी काढलेल्या गुणांवर मात्र विसंबू नये.

लसीबद्दल स्पष्टच लिहितो. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ज्या लेखाने हा संशय पसरवला, तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याचे लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीतून काढून टाकण्यात आले. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमच्या प्रमाणात फरक आढळला नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत देतात आणि ऑटिझमही साधारण त्याच वयात लक्षात येतो, म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते.

मोबाइलचा दोष आईच्या माथी मारला जातो, त्यात जुनीच चूक नव्या वस्तूच्या आधाराने परतली आहे असे मला वाटते. आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो हे मत पाश्चात्त्य देशांत काही दशके बोकाळले होते. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्ये त्याला उत्तर दिले. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा भार किती मोठा आहे हे दाखवले. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द समाजमाध्यमांवर फिरतो, पण कोणत्याही निदान-नियमावलीत तो नाही. पडद्याने ऑटिझम निर्माण होत नाही. पडद्यासमोर गेलेला वेळ मात्र माणसांशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून वजा होतो, आणि या मुलाला नेमकी तीच हवी आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा दिवसाला एक तासाची आहे, त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. तेव्हा मोबाइल कमी करा, पण अपराधभावाने नको.

स्टेम सेलवर एक रुपयाही घालवू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताशी निगडित काही ठरावीक आजार वगळता इतरत्र स्टेम सेल नेहमीचा उपचार म्हणून देण्यास मान्यता नाही. शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाने दिली जाणारी औषधे तर धोकादायक आहेत. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर आज कोणतेही औषध नाही. तीव्र चिडचिड किंवा स्वतःला इजा करणे असेल तर काही मुलांना रिस्पेरिडोनसारखे औषध तज्ज्ञ देतात, तेही त्या त्रासापुरते. पूर्ण बरे होण्याची भाषा जो करतो, त्याच्यापासून दूर राहावे. मूल शिकते, बदलते, काही मुले खूप पुढे जातात. कोण किती पुढे जाईल हे पावणेतीन वर्षांचे असताना कोणीही सांगू शकत नाही.

उत्तर: विजापूररोडची_आई

ताई, माझा मुलगा आता शाळेत जातो. डॉक्टरांनी लिहिले त्यात भर म्हणून सोलापुरात प्रत्यक्ष काय करावे लागते ते लिहिते.

आपल्या भागातल्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि विकासातील विलंब हा त्यातला एक ठरलेला विषय आहे. तिथून किंवा थेट सिव्हिलच्या बालरोग विभागातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करावी. खासगी थेरपी निवडताना थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. सत्रात पालकांना आत बसू देत नाहीत अशा ठिकाणी मी मुलाला ठेवले नाही. दार लावून आत काय झाले हेच कळले नाही, तर आठवड्याचे उरलेले सगळे तास आपण घरी काय करणार?

मला सर्वांत उपयोगी पडले ते घरच्यांचे शिकणे. २०१६ मध्ये गोवा आणि रावळपिंडी येथे झालेल्या एका चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलांच्या खाणाखुणांना प्रतिसाद द्यायला शिकवले. त्यातून पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपण होऊन संवादाची सुरुवात अधिक वेळा करू लागली. मोठ्या शहरात घर हलवल्याशिवाय काही होत नाही असे आम्हाला अनेकांनी सांगितले होते. आम्ही सोलापूर सोडले नाही.

सरकारी बाजू थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात ऑटिझम आहे. मूल्यमापन झाले की यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करावा. लहान वयात मिळणारे प्रमाणपत्र बहुधा मुदतीचे असते आणि पुन्हा तपासणी होते, म्हणून ते मुलाच्या कपाळावर कायमचे कोरले गेले असे दाजींनी समजू नये. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो, त्यामुळे प्रत्येक पावती जपून ठेवावी. शाळा नाकारू शकत नाही आणि पुढे बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. लग्नाचे पुढच्या पिढीने पाहावे.

आवाजाबद्दलही लिहिते. मिक्सर लावण्याआधी मुलाला दाखवून, ‘आता आवाज येणार’ असे दर वेळी त्याच शब्दांत सांगून मग बटण दाबत गेलो, तसा माझ्या मुलाचा त्रास कमी झाला. गड्ड्याच्या यात्रेत आम्ही होम मैदानावर संध्याकाळच्या गर्दीत जात नाही. दुपारी पाळणे रिकामे असताना जातो आणि कानांवर आवाज अडवणारे हेडफोन असतात. लोक बघतात. बघू द्यावे.

पूर्वभाग_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचे उत्तर मी घरी तेलुगूत वाचून दाखवले. सासरे अजून ‘चौथ्या वर्षापर्यंत पाहू’ म्हणतात, पण श्रवणतपासणीला त्यांची हरकत राहिलेली नाही. दोन शंका आहेत. कांड्या त्याच्यापासून लपवून ठेवाव्यात का? एका ठिकाणी चित्रांची कार्डे वापरायला सांगितले आहे, पण चित्रांची सवय लागली तर तो कधीच बोलणार नाही अशी भीती वाटते. शिवाय त्याला आता अंगणवाडीत पाठवावे की थेरपीनंतर, हेही कळत नाही.

उत्तर: वाचा_उपचार

कांड्या लपवू नका. त्याला त्या आवडतात, म्हणून त्याच्यापर्यंत जाण्याचा तोच सर्वांत जवळचा रस्ता आहे. सगळ्या कांड्या आपल्याजवळ एका डब्यात ठेवा, त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि एकेक द्या. प्रत्येक वेळी तो शब्द म्हणा, मग थांबा. मोठी माणसे थांबत नाहीत, दोन सेकंदांत पुढचा शब्द बोलतात. आपण मनात दहापर्यंत मोजावे. त्याने हात पुढे केला, आपल्याकडे पाहिले, काही आवाज काढला, तर त्याला उत्तर मानून लगेच कांडी द्यावी. कधी रंगीत सूत गुंडाळलेली एक आणि रिकामी एक अशा दोन समोर धरून कोणती हवी ते विचारावे. ‘बोल, मगच देते’ असे मात्र करू नये. शब्द अजून त्याच्याजवळ नाही, त्यामुळे यातून फक्त रडणे वाढते. रांग मोडून त्याला ‘सवय लावण्याची’ घाईही नको. रांगेत एक कांडी आपण लावून पाहावी आणि तो चालवून घेतो का, ते बघावे. हे काम आजी-आजोबा सर्वांत चांगले करतील, कारण त्यांच्याकडे वेळ आहे, आणि ‘वाट पाहू’ म्हणणाऱ्या आजोबांना करायला काही मिळाले की त्यांचे मतही बहुधा मऊ होते.

चित्रकार्डांनी बोलणे थांबत नाही. चित्र देऊन वस्तू घेण्याची ‘पेक्स’ ही पद्धत अमेरिकेत १९८५ मध्ये तयार झाली आणि तेव्हापासून हीच भीती प्रत्येक पालक विचारतात. अभ्यासांमध्ये बोलणे मागे गेल्याचे आढळले नाही. काही मुलांचे शब्द वाढलेही. माठाचा आणि दुधाच्या पेल्याचा आपल्याच घरातला फोटो काढून छापून घ्या, बाजारातल्या कार्डांवरचे काचेचे ग्लास त्याच्या ओळखीचे नसतात.

उत्तर: विजापूररोडची_आई

अंगणवाडीसाठी थेरपी संपायची वाट पाहू नका, ती लवकर संपत नाही. सुरुवातीला अर्धा-पाऊण तासच बसवा आणि गाणी संपून शांतता असते त्या वेळी न्या. सेविकाताईंना आधीच एका कागदावर चार ओळी लिहून द्या: हाक मारून वळला नाही तर समोर जाऊन बोलावे, घंटा वाजवण्याआधी त्याला बाहेर आणावे, पाणी हवे असल्यास तो हात धरून नेतो, आणि रडू लागला तर त्याच्याभोवती मुले गोळा करू नयेत. श्रवणतपासणीचा अहवाल आला की त्याची एक प्रत जवळ ठेवून मग सिव्हिलला जा. मूळ अहवाल कुठेही जमा करू नका. लसीकरणाचे कार्ड, जन्माच्या वेळचे दवाखान्याचे कागद, आणि तो दीड वर्षाचा असताना बोलत होता तेव्हाचे मोबाइलवरचे व्हिडिओ सोबत असावेत. शब्द केव्हा होते आणि केव्हा गेले, हे डॉक्टर हमखास विचारतात, आणि घरातल्या प्रत्येकाची तारीख वेगळी असते.